जोडी मोडली तर बाकी कोण फेडणार?

वाचकाचं पत्र:

«ताई, नमस्कार. आम्ही बीड जिल्ह्यातले, धारूर तालुका. घरी सासूबाई, मी, नवरा आणि सहा वर्षांची मुलगी. दोन एकर कोरडवाहू. मी बारावी झालेय, वय २६. लग्न झाल्यापासून दरवर्षी नवऱ्याबरोबर जोडीनं कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जाते. गेल्या हंगामाला आम्ही मुकादमाकडून ९० हजार उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतले, वर उसाच्या फडात असताना खर्चायला १२ हजार खर्ची. कारखान्याचा नोंद ठेवणारा चिटबॉय वजन सांगायचा ते मी रोज वहीत लिहून ठेवायचे. माझ्या वहीत १९० टन भरले, आमच्या टोळीचा मुकादम म्हणतो १७६. टनाला ३६६नं हिशेब धरला, चार खाड्यांचे, म्हणजे काम बुडालेल्या दिवसांचे, दोन हजार लावले आणि ३९ हजार ५८४ रुपये आमच्या अंगावर फिरवले. मार्चमध्ये पट्टा पडला, हंगाम संपला, तेव्हा हातात काहीच नव्हतं. आता नवऱ्याला चाकणला ठेकेदाराकडून काम मिळतंय, हातात १६ हजार. सासूबाई म्हणतात, जोडी मोडली तर बाकी कोण फेडणार? मुकादम यंदा सव्वा लाख द्यायला तयार आहे, त्यात बोअर घ्यायचा घरात विचार चाललाय. शेजारची म्हणते गर्भाची पिशवी काढून टाक, खाड्याची कटकट मिटते. मुलीला पहिलीत घालायचंय. आम्ही सगळ्यांनीच चाकणला जावं का? आमचं घर वर चाललंय का खाली, तेच कळंना. नाव छापू नका.»

नाव छापत नाही. तू आकडे दिलेस म्हणून उत्तर देणं सोपं झालं. अशी पत्रं बरीच येतात, पण त्यात ‘लई कर्ज झालंय’ एवढंच असतं.

मुकादमाचेच १७६ टन खरे धरू. ३६६नं ते होतात ६४ हजार ४१६ रुपये. ही तुम्हा दोघांची हंगामाची कमाई. ९० हजार ही कमाई नव्हती, ते न केलेल्या कामाचे आधी घेतलेले पैसे होते. त्या हंगामात, म्हणजे २०२४-२५ला, गाळप १५ नोव्हेंबरला सुरू झालं आणि तुमचा पट्टा मार्चमध्ये पडला. प्रत्यक्ष तोड शंभरेक दिवस झाली असं धरलं, तर माणशी दिवसाला ३२२ रुपये पडले. आता हे रोजगार हमीच्या मजुरीशेजारी ठेवून बघ. २०२५-२६साठी महाराष्ट्रात तो दर ३१२ रुपये होता. म्हणजे पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायच्या, उजाडायच्या आत फडात शिरायचं, तोडायचं, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायच्या, गाडी रात्री अकराला आली तर अकराला उठून भरायची, आणि या सगळ्याबद्दल गावातल्या मातीकामापेक्षा जास्त काय, तर १० रुपये.

तू म्हणशील, गावात ते काम मिळतं कुठं? बरोबर आहे. रोजगार हमीची सुरुवात याच राज्यात झाली, १९७२च्या दुष्काळात तिनं माणसं जगवली, आणि आज त्याच मराठवाड्यात काम मागायला गेलेल्या बाईला ‘सध्या काही निघालं नाही’ असं सांगून परत लावतात. तरीही कामाची मागणी तोंडी करू नकोस. ग्रामपंचायतीत लेखी अर्ज दे आणि तारखेची पोच घे. मागणीनंतर १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेरोजगार भत्ता द्यावा लागतो, म्हणून पोच द्यायला टाळाटाळ होते. चारपाच जणी मिळून गेलात तर टाळाटाळ जरा कमी होते.

आता बाकी. जुने ३९ हजार ५८४, नवी सव्वा लाखाची उचल आणि १२ हजार खर्ची, मिळून १ लाख ७६ हजार ५८४. ३६६नं एवढे फेडायला ४८२ टन ऊस तोडावा लागेल. तुमची तोड हंगामाला १७६ टन. म्हणजे पावणेतीन हंगाम, आणि तेही मधे एक पैसा नवा न घेता, कुणी आजारी न पडता, पुढच्या सालांची खर्ची न धरता. हंगाम आखडत चाललेत, सरकार तोडणी यंत्रांना अनुदान देतंय, ते वेगळंच. घर खाली चाललंय, बाई. २०२४च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला तेव्हा पेपरात मोठे मथळे आले होते. त्या वाढीनंतरचा हा हिशेब आहे.

सासूबाईंचा प्रश्न मात्र मी वाऱ्यावर सोडणार नाही, कारण त्या पत्रातलं सगळ्यात व्यवहारी वाक्य त्यांचंच आहे. बाकी आहे, ती मिटवावी लागेल. पण किती, ते आधी ठरू दे. तुझ्या वहीत आणि मुकादमाच्या हिशेबात १४ टनांचा फरक आहे. त्याचे होतात ५ हजार १२४. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीची वजनपावती निघते आणि ती कोणत्या टोळीची खेप, त्याची नोंद असते. टोळीतल्या बाकीच्यांनाही असेच टन कमी लावले असतील, तर सगळ्यांनी मिळून पावत्यांचा उतारा मागा. एकट्यानं मागितला की ‘लई शहाणी झाली’ होतं. खाड्याचंही विचारा. तुम्ही खरंच कामावर नव्हता, की गाडीच आली नाही? गाडी आली नाही त्या दिवसाचा खाडा लावायला मुकादमाला तोंड नाही. आणि त्याचं कमिशन कारखाना वेगळं देतो, तुमच्या टनाच्या दरातून ते कापायचं नसतं, हेही एकदा नीट बघून घे.

मुकादमाला मी राक्षस ठरवत नाही. बहुतेक मुकादम आसपासच्याच गावचे, कुणाचे तरी नात्यातले असतात. उचल वाटायला त्यानंही कारखान्याकडून, कधी खाजगीत व्याजानं पैसा उचललेला असतो, आणि उचल घेऊन पळालेल्या टोळ्यांनी काही मुकादमांच्या जमिनी विकायला लावल्यात. त्यामुळे ‘देणार नाही जा’ म्हणून भांडण ओढवून घेऊ नका. हप्ते बांधून मागा. ३४-३५ हजारांवर हिशेब बसला तर महिन्याला पाच हजारांनी सात महिन्यांत मिटतो. मात्र तो धमकी देऊ लागला, घरातल्या माणसाला गाडीत घालून नेईन म्हणाला, तर तो व्यवहार राहत नाही. उचलीच्या बदल्यात माणसाला कामाला जुंपून ठेवणं हा १९७६च्या वेठबिगारी विरोधी कायद्यानं गुन्हा आहे. अशा वेळी तहसीलदाराकडे जाता येतं, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

चाकणचं आता बोलू. हातात १६ हजार हा आकडा गावात बसून मोठा दिसतो. नवरा एकटा गेला, चौघांत खोली घेतली, तर भाड्याचे त्याच्या वाट्याला अडीच हजार, मेसचे साडेतीन, बसभाडं-फोन-चहा मिळून दीड, असं धरू. घरी साडेआठ हजार येतील. बारा महिने काम राहिलं तर १ लाख २ हजार. ठेकेदार मधे ब्रेक देतात, म्हणून मी दहाच महिने धरते: ८५ हजार. एका माणसाचे ८५ हजार, तेही गावाकडचं घर, शेत आणि तुझे दोन्ही हात मोकळे ठेवून. तिकडे दोन माणसांचे ६४ हजार. फरक तुला दिसतोच.

हेच गणित तिघांना किंवा चौघांना घेऊन मांडलं की कोलमडतं. स्वतंत्र खोली, डिपॉझिट, गॅस, किराणा, लाइटबिल, पोरीच्या शाळेची रिक्षा. १६ हजारांत महिनाअखेर उसनवारी सुरू होईल, आणि उसनवारी सुरू झाली की पुढच्या पावसाळ्यात मुकादमाचा फोन गोड वाटायला लागेल. म्हणून सगळ्यांनी जाऊ नका. निदान पहिलं वर्ष नको. आधी तो एकटा जाऊ दे, सहा महिने टिकू दे. मग बघू.

जायच्या आधी त्यानं ठेकेदाराला दोन गोष्टी विचाराव्यात, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावं. पहिली, पीएफ कापणार का आणि यूएएन नंबर कधी देणार? त्याच्या पगारातून जेवढं कापतात तेवढंच मालकानं भरायचं असतं, आणि तो नंबर ठेकेदार बदलला तरी बदलत नाही. दुसरी, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ते लागू होतं, कामगाराचे पाऊण टक्का कापले जातात, मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि दवाखान्याचा लाभ बायकापोरांना आणि अवलंबून असलेल्या आईबापालाही मिळतो. सासूबाईंच्या औषधांवर तुमचा खर्च असेल तर हे कार्ड म्हणजे पगारात न दिसणारा पगार आहे. ‘हातात १६’ म्हणणारा ठेकेदार कधीकधी हे दोन्ही गिळून १६ दाखवतो. तसं असेल तर १४ हातात आणि दोन्ही कार्डं, हा सौदा मी पत्करीन. रेशनचंही सांगून ठेवते: त्याच्या वाट्याचं पाच किलो धान्य तो तिकडच्या दुकानात अंगठा लावून उचलू शकतो, बाकीचं तुम्ही इकडे. कार्ड वेगळं करायची गरज नाही.

पण ओढाताण होणार, हे लपवत नाही. साडेआठमधले पाच मुकादमाला गेले की घराला साडेतीन उरतात. तुला लाडक्या बहिणीचे दीड हजार येत असतील, वर्षाचे १८ हजार. ते तुझ्याच खात्यावर राहू देत, घरखर्चाला लागले तर लागले, पण बाकीच्या हप्त्यात घालू नकोस. दिवाळीपर्यंत सोयाबीन हाताशी येईल, तोवर हात आखडता. उचलीचा खरा मोह समजून घे: पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, एकदम गठ्ठा हातात पडतो. पगार असा गठ्ठ्यानं येत नाही. तो गठ्ठा स्वतःच बांधावा लागतो. गावात उमेदचा, म्हणजे सरकारी अभियानातला, बायकांचा बचतगट असेल तर त्यात जा. बी-बियाण्याला, शेळ्यांना गटाचं कर्ज मिळतं, त्याला व्याज असतं, पण ते फेडायला कुणी तुला कोल्हापूरला किंवा बेळगावला नेत नाही. बारावी झालेली बाई गटाला हिशेब लिहायला हवीच असते. तुझ्यासारखी रोजची नोंद ठेवणारी तर फार.

बोअरचं मात्र ऐकूनच अंगावर काटा आला. उचलीच्या पैशानं बोअर! बालाघाटाच्या डोंगरावरचा तो काळा खडक, पाऊस आधीच पर्जन्यछायेतला. शेजाऱ्याला पाणी लागलं म्हणून तुम्हाला लागेल याची कुणी हमी देत नाही, आणि पाणी शोधून देणाऱ्या पाणाड्याचा नारळ उभा राहिला म्हणून तर अजिबातच नाही. कोरडी गेली तर भोक शेतात आणि बाकी उरावर. पाणी लागलं तरी मोटार, पाइप, वीज यांना पैसा लागणार, तोही पुन्हा मुकादमाचाच. भूजल विभागाकडून जागा तपासून घेतल्याशिवाय, आणि स्वतःच्या शिलकीशिवाय, या वाटेला जाऊ नका. जाहीर सांगते, या एका मुद्द्यावर घरात भांडण झालं तरी चालेल.

पिशवीचं. नाही. वय २६, त्रास काही नाही, फक्त खाडा चुकवायला ऑपरेशन? बीड जिल्ह्यात याची चौकशी झालेली आहे. २०१९मध्ये ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तुझ्या शेजारणीचा सल्ला तिच्या एकटीचा नाही, तो फडाफडांतून फिरतोय. कोवळ्या वयात पिशवी काढली, सोबत अंडाशयही गेलं, की पाळी जाण्याचे सगळे त्रास लवकर सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात, कंबर धरते. मग मोळी कोण उचलणार? त्यातून ऑपरेशनचा खर्च पुन्हा उचलीतूनच. अंगावरून जास्त जात असेल, दुखत असेल, तर सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखव, सोनोग्राफी करून घे. पहिल्याच भेटीत ‘काढून टाकू’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडे दुसऱ्यांदा जायचं नाही.

पोरीचं तर ठरल्यातच जमा आहे. तू घरी राहिलीस की ती पहिलीत आणि शाळेत. काही कारणानं पुढे कधी जावंच लागलं तर तिला फडावरच्या कोपीवर, झोपडीत, नेऊ नकोस. गावातच आजीपाशी ठेव आणि शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय आहे का ते दिवाळीआधी विचार. मोठी झाल्यावर संत भगवानबाबा योजनेतली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींची वसतिगृहं आहेत, त्याला तुमची ऊसतोड कामगार म्हणून नोंद लागते. ग्रामसेवकाकडून ते ओळखपत्र करून घे, या वर्षी फडात गेला नाहीत तरी मागच्या सालांचं काम खोटं होत नाही.

सासूबाईंना हे सगळं वाचून दाखव, पण टनांच्या भागापासून सुरुवात कर, पिशवीपासून नको. त्यांची आणखी एक भीती असणार, ती त्या बोलल्या नसतील. चाकणला गेलेला पोरगा तिकडचाच होतो. कोयत्याला गेलेला निदान पट्टा पडला की बैलांसारखा घराकडे येतो, कंपनीतला येईलच असं नाही. या भीतीला माझ्याकडे आकड्यांत उत्तर नाही. नवऱ्यानं महिन्याचे पैसे कुणाच्या खात्यावर पाठवायचे, हे जाण्याआधीच तिघांनी बसून ठरवा. माझं मत विचारशील तर तुझ्या, आणि त्यातले पाचशे न चुकता सासूबाईंच्या हातात रोख. त्यांना विचारल्याशिवाय शेतात काय पेरायचं हे ठरवू नका. आजवर तुम्ही दोघं फडात असताना दुसरं घर त्यांनीच सांभाळलं.

आणि घाई कर. उचल पावसाळ्यात वाटतात, म्हणजे मुकादम एवढ्यातच घरी येईल. नवरा पैसे मोजायला बसला की मग माझं पत्र कामाचं नाही. त्याआधी बाकीचं बोलणं गावातल्या दोन जाणत्या माणसांसमोर करा. ठरलेला आकडा, हप्ता आणि तारखा लिहून मुकादमाची सही घ्या, प्रत्येक हप्ता फोनवरून पाठवा म्हणजे नोंद राहते. उचल घेताना कोरा स्टॅम्प किंवा कोरा चेक सही करून दिला असेल, आणि बहुतेकांनी दिलेला असतोच, तर त्याचा उल्लेख त्या कागदात आलाच पाहिजे. शेवटचा हप्ता हातात देताना आधी तो स्टॅम्प परत मागा, मगच पैसे सोडा.